आधी कान तपासू या

जेवणाच्या टेबलाभोवती घरातली पाचही माणसे बसली आहेत. मुलगा सांगतो, "आई, सात तारखेला निघायचंय." आई म्हणते, "भात नको, बास झाला." नातू फिसकन हसतो, सून त्याला डोळ्यांनी दटावते आणि पंचाहत्तरीची ती बाई सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवून स्वतःही कसनुशी हसते. नेमके काय चुकले ते तिला कळलेले नाही, काहीतरी चुकले एवढे मात्र कळले आहे. पुढे ती "मी आपली लवकर जेवून घेते" म्हणू लागते. मग फोन आला की दुसऱ्याच्या हातात देते. भिशीला जाणे बंद होते, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरली जाते. वर्ष-दीड वर्षाने घरात कोणीतरी बोलून जाते, "आईचं हल्ली कशात लक्षच नसतं, विसरतेही फार." त्यावर दुसरे कोणी म्हणते, "वय झालं आता."

ओळखीच्या एका घरात हे सगळे डोळ्यांदेखत घडले, म्हणून इथे सांगितले. नावे बदलली तर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हीच गोष्ट सापडेल. "वय झालं" या दोन शब्दांनी आपण म्हातारपणातल्या किती दुरुस्त होण्याजोग्या गोष्टींवर पडदा टाकतो, याची मोजदाद कोणी केलेली नाही. साठी बुद्धी नाठी ही म्हण तर आपण इतक्या सहजपणे वापरतो की साठी उलटलेली माणसेही ती स्वतःबद्दल वापरू लागतात.

वयाबरोबर मेंदूचा वेग थोडा मंदावतो, हे खरे आहे. नाव ओठांवर येऊन अडते, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, दोन कामे एकाच वेळी करताना गोंधळ उडतो. हा आजार नव्हे. आजाराची खूण वेगळी असते. चष्मा हरवणे निराळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे निराळे. चाळीस वर्षे ज्या हातांनी पुरणपोळी केली त्यांना पुरणानंतर काय करायचे ते सुचेना, रोजच्या वाटेवरून देवळातून घरी येताना वाट चुकू लागली, पेन्शनचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला नोटा मोजता येईनात, म्हणजे मेंदूत काहीतरी बिघडते आहे. याला स्मृतिभ्रंश म्हणतात. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मेंदूला रक्त कमी पोचल्याने होणारा प्रकार त्याखालोखाल येतो आणि पुष्कळदा दोन्ही एकाच माणसात एकत्र असतात.

भारतात साठीपुढच्या लोकांत याचे प्रमाण सुमारे 7.4 टक्के आहे, असा अंदाज देशव्यापी पाहणीतून 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सुमारे 88 लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. ज्या बायका आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत, त्यांच्यातल्या किती जणींना शाळेचे तोंड पाहायला मिळाले होते, हे आठवले की त्यामागचे एक मोठे कारण लक्षात येते. लहानपणी हिसकावून घेतलेली पाटी म्हातारपणी अशी वसुली करते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी आणि ज्यांवर इलाज करता येतो अशी 14 कारणे मांडली. कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, वाढलेले वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, तंबाखूचा धूर, उच्च रक्तदाब, स्थूलपणा, अतिमद्यपान, एकटेपणा, हवेचे प्रदूषण आणि नजर कमी होणे. ही सगळी नाहीशी करता आली तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंशाचे रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा त्यांचा हिशेब. उरलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत वय, अनुवंश आणि अजून न उलगडलेली कारणे आहेत. त्यामुळे ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांनी स्वतःला किंवा रुग्णाला दोष देऊ नये. उत्तम चालणारी, वाचणारी, शिस्तीत जगलेली माणसेही यात सापडतात.

या चौदांत सर्वांत मोठा वाटा दोन कारणांचा, प्रत्येकी 7 टक्के. त्यातले एक कोलेस्टेरॉल. त्याची तपासणी आता गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये होते. दुसरे कारण म्हणजे कान. आणि ती तपासणी करून घेतलेला साठीचा माणूस आपल्या ओळखीत किती जणांना आठवतो?

उतारवयातला बहिरेपणा एखाद्या सकाळी येत नाही. आतल्या कानात शंखासारख्या भागात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाच्या लहरींचे संदेशात रूपांतर करून त्या मेंदूकडे पाठवतात. त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत, आणि आधी जातात त्या उंच पट्टीच्या आवाजाच्या. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि ठसठशीत ऐकू येतात; स, श, फ, थ, त यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत आणि नाजूक. म्हणून 'सात'मधला 'आ' पोचतो आणि 'स' वाटेत गळतो. मेंदू मग संदर्भाने जागा भरतो. समोर जेवणाचे ताट असते, म्हणून 'भात' ऐकू येतो. "ऐकू येतं गं, पण कळत नाही," ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार शब्दशः खरी असते. बायकांचा आणि मुलांचा आवाज वरच्या पट्टीतला असल्याने सुनेचे आणि नातवाचे बोलणे आधी हरवते. मुलाचे त्यामानाने जास्त ऐकू येते. यातून "त्यांना हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं" हा आरोप जन्माला येतो. कित्येक घरांतले सासू-सुनेचे अबोले यावर पोसले गेले असतील.

ओरडून बोलल्याने हे सुटत नाही. ओरडताना स्वरच आणखी मोठे होतात, व्यंजने तिथल्या तिथेच राहतात. वर बोलणाऱ्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो. समोर बसून, तोंडावर उजेड पडेल असे, नेहमीच्या आवाजात थोडे सावकाश बोलावे. मिक्सर आणि टीव्ही तेवढ्यापुरता बंद करावा. एकदा कळले नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांगावे. एवढे घरातल्या सगळ्यांनी केले तरी जेवणाच्या टेबलावरची एक खुर्ची पुन्हा भरते.

कानाचा मेंदूशी संबंध कसा लागतो, याची पूर्ण साखळी अजून संशोधकांच्या हाती आलेली नाही, पण तीन दुवे बरेच स्पष्ट आहेत. अर्धवट ऐकलेले जोडून घेण्यात मेंदूची शक्ती खर्च होते आणि लक्षात ठेवायला ती उरत नाही. कानातून येणारा माल आटला की त्यावर काम करणारे मेंदूचे भागही सुस्तावतात. आणि तिसरा दुवा तर आपण रोज पाहतो: ऐकू न येणारा माणूस माणसांतून उठतो. एकटेपणा हे त्या चौदांतले स्वतंत्र कारण आहे, त्याचा वाटा 5 टक्के.

मग कानाला यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतो का? इथे सावधपणे बोलायला हवे. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षे केलेली 'अचीव्ह' नावाची चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांचा एकत्र विचार करता यंत्र दिलेल्या आणि न दिलेल्या गटांच्या बुद्धीच्या चाचण्यांत ठळक फरक दिसला नाही. मात्र त्यातल्या ज्या माणसांना आधीपासूनच धोका जास्त होता, त्या गटात यंत्रामुळे घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. ही हमी म्हणता येणार नाही. पण ज्या उपायाने माणूस घरातल्या बोलण्यात परत येतो, त्याच उपायाने मेंदूलाही आधार मिळण्याची शक्यता असेल तर थांबायचे कशासाठी?

थांबण्याची कारणे आहेत, आणि ती लाजेची आहेत. आपल्याकडे चष्मा लावणे विद्वत्तेचे लक्षण ठरले आणि कानाचे मशीन थट्टेचे. नाटक-सिनेमांतल्या बहिऱ्या पात्रांवर आपण पिढ्यान् पिढ्या हसत आलो. ज्या घराचा उल्लेख सुरुवातीला केला, त्या घरातही मशीन आले होते. ते चार दिवस वापरून मखमली डबीसह कपाटाच्या खणात गेले. "नुसता गोंगाट," एवढेच कारण त्या बाईंनी सांगितले. त्यांचेही खरे होते. वर्षानुवर्षे शांततेची सवय झालेल्या मेंदूला पंख्याची घरघर, पिशवीची चुरचुर, फ्रिजचा आवाज आणि माणसाचे बोलणे सगळे एकाच वजनाने येऊन आदळते. त्यातले नको ते मागे टाकायला मेंदूला पुन्हा शिकावे लागते, त्याला काही आठवडे लागतात. आधी घरातल्या शांत खोलीत तासभर, मग दोन तास, मग बाजारात अशी चढती सवय करावी लागते. दोन-तीनदा यंत्राची जुळवणी करून घ्यावी लागते. यंत्र विकणाऱ्याने हे त्यांना सांगितले नव्हते. घरच्यांना ठाऊक नव्हते. पुढे एका ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंनी ते समजावून दिले आणि डबी खणातून बाहेर आली. हेही नमूद करायला हवे की कित्येकदा यंत्राची गरजच नसते, कानात घट्ट साचलेला मळ काढला की काम भागते. पण तेही कोणीतरी कानात डोकावल्याशिवाय कळणार कसे?

डोळ्यांच्या बाबतीत आपण ही मजल मारून दाखवली आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 मध्ये सुरू झाला. आज तालुक्याच्या गावी मोतीबिंदूच्या शिबिराचा फलक लागला नाही असे वर्ष जात नाही. गावातून जीप भरून म्हातारी माणसे जातात, हिरवी पट्टी बांधून परत येतात, आणि "बाई, तुझ्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या?" असे एकमेकींना विचारतात. या ऑपरेशनची आता कोणाला भीती वाटत नाही, लाज तर मुळीच वाटत नाही. बहिरेपणाचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र उजाडला 2006-07 मध्ये, तब्बल तीस वर्षांनी. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून उभी आहे, पण गडचिरोलीच्या किंवा माणदेशातल्या म्हातारीला वांद्रे किती जवळ? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या दर चौघांत एकाहून अधिक जणांना रोजच्या व्यवहारात अडथळा यावा इतके कमी ऐकू येते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांच्यात हे प्रमाण किती असेल याची कल्पना करता येते. आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींसमोर आज नाचणारी पोरे ही चाळीस वर्षांनंतरची म्हातारी माणसे आहेत.

कानावर इतके लिहिले ते मुद्दाम, कारण त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. मेंदूची बाकीची राखण तशी परिचयाची आहे, फक्त ती मेंदूची राखण आहे हे कोणी सांगितलेले नसते. रक्तदाबाचेच पाहा. "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?" असे म्हणत कितीतरी माणसे ती मनानेच बंद करतात. रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या गुपचूप खराब करत राहतो. लकवा हे त्याचे उघड रूप, विसराळूपणा हे झाकलेले. अमेरिकेतल्या नऊ हजारांहून अधिक लोकांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. वरचा रक्तदाब 120 च्या खाली ठेवलेल्या गटात, 140 च्या खाली ठेवलेल्या गटापेक्षा बुद्धीची सौम्य घसरण 19 टक्क्यांनी कमी झाली. कोणाचा आकडा किती खाली आणायचा हे डॉक्टरांनी ठरवायचे, कारण फार खाली गेला तर म्हातारा माणूस न्हाणीघरात भोवळ येऊन पडतो. आणि पडणे म्हणजे डोक्याला मार. न्हाणीघरात भिंतीला धरायला एक दांडी आणि रात्री संडासाच्या वाटेवर एक छोटा दिवा, हीसुद्धा मेंदूचीच काळजी.

विसरभोळेपणा आणि गोंधळ यांच्यामागे काही कारणे अशी असतात की ती सापडली तर माणूस पुष्कळसा मूळपदावर येतो. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता त्यांत आपल्याकडे आघाडीवर. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या संशोधनातून ही कमतरता इथे किती सर्रास आहे ते समोर आले. शाकाहारी घरात, त्यातही जिच्या वाटेला दूध-दही शेवटी आणि थोडे येते त्या बाईला, ती अधिक. मधुमेहासाठी घेतलेली मेटफॉर्मिन आणि रोजची पित्ताची गोळी यांनी त्यात भर पडते. याखेरीज थायरॉइड, रक्तातले सोडियम उतरणे, महिन्यापूर्वी पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त, झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या. जोडीदार गेल्यानंतरचे नैराश्यही स्मृतिभ्रंशाचा वेष घेऊन येते. म्हणून पहिल्या भेटीलाच सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओताव्यात. आणि कालपर्यंत नीट असलेला माणूस आज एकाएकी बरळू लागला, दिवस-रात्र ओळखेना झाला, तर त्याला म्हातारचळ म्हणून घरी ठेवू नये. लघवीच्या किंवा छातीच्या जंतुसंसर्गातही असे होते आणि त्यात उशीर जिवावर बेततो.

मेंदूला कामात ठेवण्यासाठी शब्दकोडी आणि मोबाइलवरचे खेळ सुचवले जातात. ते करायला हरकत नाही, पण त्याहून मोठी शिदोरी आपल्याजवळ आहे. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सुमारे साडेचार वर्षांनी उशिरा झाल्याचे आढळले, आणि विशेष म्हणजे निरक्षरांमध्येही हा फरक टिकून होता. एका भाषेतून दुसरीत जाताना मेंदूला सतत निवड करावी लागते, एक आवरून दुसरी काढावी लागते. त्या तालमीचा हा लाभ असावा. घरात तेलुगू, बाजारात मराठी बोलणारी सोलापूरची विणकर आजी, कानडी आणि मराठी दोन्ही अंगणांत वाढलेले बेळगावचे आजोबा, कोकणी-मराठीत सारखेच वावरणारे गोव्यातले घर यांनी ही तालीम कोणी न शिकवता केली. नातवाशी इंग्रजीत बोलता येत नाही म्हणून ज्या आजीला गप्प बसवले जाते, तिला उलट नातवाकडून इंग्रजी शिकू द्यावे आणि तिने त्याला आपली बोली शिकवावी.

संध्याकाळी देवळात जमणारे भजनी मंडळही याच नजरेने पाहावे. तिथपर्यंत चालत जाणे, अभंग पाठ असणे, टाळ आणि पखवाजाच्या ठेक्याबरोबर राहणे, श्वास लांबवणे, शेजारी कोण आले नाही याची चौकशी करणे. फिनलंडमध्ये 60 ते 77 वयाच्या 1260 जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीची तालीम आणि रक्तदाब-मधुमेहावर नजर असे सगळे एकत्र देऊन पाहिले, तेव्हा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांच्या बुद्धीला फायदा झालेला दिसला. भजनी मंडळाची अशी चाचणी झालेली नाही, म्हणून तसा दावा करणे योग्य नाही. पण त्यातले कितीतरी घटक इथे आयते एकत्र नांदतात, आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर, वाचनालयात, सकाळच्या हास्य क्लबातही ते आहेत. कान गेलेला माणूस यातल्या प्रत्येक ठिकाणाहून पहिल्यांदा गळतो, हे मात्र विसरता येत नाही.

सरकारी पातळीवर धागे आहेत, ते एकमेकांना जोडलेले नाहीत. आशाताई घरोघरी जो तपासणी तक्ता भरतात त्यात ऐकू येण्याबद्दल प्रश्न आहे; साठीपुढच्यांसाठी जवळच्या माणसांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का, असाही प्रश्न आहे. उत्तर 'हो' आले तर त्या माणसाला कोणत्या वारी, कोणत्या दवाखान्यात, कोणाकडे न्यायचे हे त्या आशाताईच्या हातातल्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे. राज्याने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत 65 वर्षांवरच्या अल्प उत्पन्नाच्या नागरिकांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर अशा वस्तूंसाठी एकदाच 3000 रुपये मिळतात. या रकमेत चष्मा येतो, काठी येते. दोन्ही कानांची, नीट जुळवून दिलेली यंत्रे येत नाहीत. आणि जुळवणी करून देणारे, सवय लावणारे माणूस तर कोणत्याही रकमेत धरलेले नाही. पैशाऐवजी तपासणी, यंत्र आणि तीन महिन्यांचा पाठपुरावा असे एकत्र दिले तर खणात पडून राहणाऱ्या डब्या कमी होतील.

त्यासाठी नव्या इमारती लागणार नाहीत. मोतीबिंदूच्या शिबिराच्या मांडवातच एक जादा टेबल टाकावे. त्यावर कानात पाहायचे यंत्र, मळ काढायचे साहित्य, रक्तदाबाचा पट्टा, आणि जिल्हा रुग्णालयातून दिवसभरासाठी आलेली एक ऑडिओलॉजिस्ट, हातात ने-आण करता येईल असे तपासणी यंत्र घेऊन. डोळ्यांच्या रांगेत बसलेल्या माणसाला नाहीतरी दोन तास थांबायचेच असते.

सुरुवातीच्या घरातल्या त्या बाई आता दुपारी दोन तास आणि जेवताना मशीन लावतात. गेल्या महिन्यात त्यांनी सुनेला विचारले, "ही कबुतरं रोजच एवढी घुमतात का गं खिडकीत?" सून म्हणाली, रोजच.